चादरींच्या मैदानावरची विमानं

मेहकरला परत येऊन पंधरा दिवस झाले, तरी गल्लीतल्या बायका विचारतात, "मग, पाहिली का मुंबईची विमानं?" पाहिली म्हणते. केवढी होती, असं विचारलं की मी दोन हातांत अंतर धरून दाखवते, आणि विचारणारीचा चेहरा पडतो. एवढ्या लांब जाऊन काखोटीला मारता येतील अशी विमानं बघून आली म्हणजे बाईचं काही खरं नाही, असं त्यांना वाटत असणार. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं म्हणून तोंडावर कोणी बोलत नाही, एवढंच. तेव्हा म्हटलं, एकदा बसून नीट लिहूनच काढावं.

खरं तर आम्ही विमानांसाठी गेलोच नव्हतो. पाच वर्षांपूर्वी यांच्या, म्हणजे माझ्या यजमानांच्या, घशात गाठ निघाली आणि परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात उपचार झाले. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले होते, पाच वर्षं सुखरूप गेली की मोठी भीती गेली. ती पाच वर्षं या थंडीत पूर्ण झाली. शनिवारी तपासण्या, सोमवारी रिपोर्ट. मधे अख्खा रविवार मोकळा, आणि त्या एका रविवारची मला दोन महिने आधीपासून धास्ती होती. यांना नव्हती असं नाही, पण हे धास्ती घेतली की रेडिओ दुरुस्त करायला काढतात, आणि घरातले तिन्ही रेडिओ तेव्हा उघडे पडले होते.

तेवढ्यात नायगावहून कमलताईंचा फोन आला. "रविवारी आपला विमानांचा खेळ आहे. तिकीट म्हणून दोन चादरी घेऊन ये. धुतलेल्या आण हां."

शुक्रवार, नायगाव

कमलताई कोण, ते सांगायला हवं. उपचारांच्या वेळी पहिले तीन दिवस आम्ही हॉस्पिटलसमोरच्या फूटपाथवर काढले होते. खाली प्लास्टिक, वर आमची गावची गोधडी. चौथ्या दिवशी सकाळी एक बाई किटली घेऊन चहा वाटत आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "मास्तरीण दिसतेस. उठ, सामान घे." तिच्यामागोमाग गेलो ते नायगावच्या बीडीडी चाळीतल्या एका खोलीत. खोलीत आधीच पाच माणसं होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली पुस्तकांची फळी, आणि त्या फळीखाली आम्हा दोघांची जागा. तिथे आम्ही सात आठवडे राहिलो. कोण, कुठले, कोणाचे, हे तिने पहिल्या दिवशी विचारलं नाही आणि नंतरही नाही. आमच्याकडे पाण्याचा पेला पुढे करण्याआधी आडनाव विचारायची पद्धत आहे, त्यामुळे मला ते फार दिवस चमत्कारिक वाटत राहिलं.

आता त्या चाळीच्या जागी टॉवर उभे राहतायत आणि कमलताई चौदाव्या मजल्यावर गेल्या आहेत. घर लख्ख आहे, वारा मोकळा येतो. दाराकडे बघून म्हणाल्या, "चाळीत दार लावलं की लोक विचारायला यायचे, बरं नाही काय गो तुला? इथं दार उघडं ठेवलं की वॉचमन विचारायला येतो." जेवायला तांदळाची भाकरी आणि सुकट होती. यांच्या ताटात मात्र न सांगता मऊ भात आणि सोलकढी आली. उपचारांनंतर यांना तिखट सोसत नाही, हे त्या पाच वर्षांत विसरल्या नव्हत्या.

जेवणानंतर खिडकीत उभं राहून त्यांनी खालचं मैदान दाखवलं. आम्ही गावी गेलो त्याच थंडीत तिथे पहिला खेळ झाला. फूटपाथवर झोपणाऱ्या रुग्णांच्या घरच्यांसाठी चाळीतल्या बायकांनी तळमजल्यावरचे दोन गाळे मिळवले होते आणि त्यांना अंथरुणं हवी होती. म्हणून खेळाला यायचं तर चादर आणायची. पहिल्या वर्षी प्रत्येक विमानावर एकेका रुग्णाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. लोकांना आवडलंही. मग एका छोट्या मुलीच्या नावाचं विमान उडताक्षणी उलटलं आणि गटारात गेलं. तिची आई मैदानात बसली ती दोन तास उठेना.

"मुलगी चांगली ठणठणीत शेजारी उभी, पेरू खात," कमलताई म्हणाल्या. "पण आई ऐकेल तर शपथ. त्या दिवसापासून नियम केला. विमानावर नाव नाही. रबर आणि कागदाला काय कळतं कोण जगणार ते? शकुनबिकून माझ्या मैदानात चालायचे नाहीत. चपला जशा दाराबाहेर, तसे तेपण बाहेर."

मी जोरात मान डोलावली. मीही शाळेत आयुष्यभर हेच सांगत आले. मांजर आडवं गेलं म्हणून पेपर अवघड जात नाही, अभ्यास न केल्यामुळे जातो.

शनिवार, गिरगाव आणि लालबाग

सकाळी तपासण्या आटोपल्या. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. बाहेर पडलो तर वसंतदादा फाटकाशी उभे होते.

वसंतदादा लालबागचे मखरवाले. उंच, किडकिडीत, सत्तरी ओलांडलेले, मूळचे मालवणकडचे. गणपतीआधीचे तीन महिने त्यांना जेवायला फुरसत नसते आणि उरलेलं वर्षभर ते विमानं करतात. यांचं आणि त्यांचं चाळीतल्या दिवसांपासून जमतं, कारण दोघांनाही उघडलेली वस्तू मिटवायचा कंटाळा. "पतंगाचा कागद आणायचाय गिरगावातून. चला, तुमचो पण येळ जाईल," असं म्हणून त्यांनी आम्हाला बसमध्ये घातलं.

गिरगाव मला नेहमी दुपारी झोपेतून उठल्यासारखं वाटतं. गल्लीच्या तोंडाशी गर्दी, आणि दहा पावलं आत गेलं की कोणाच्या तरी घरातून पेटीचा आवाज आणि फोडणीचा वास. लाकडी गॅलऱ्यांमधून वाळत घातलेली धोतरं अजून दिसतात. कागदाच्या दुकानातला म्हातारा एकेक ताव उजेडासमोर धरून दाखवत होता, आणि दरवेळी त्याचा चेहरा गुलाबी, हिरवा, पिवळा होऊन पुन्हा चेहऱ्याच्या रंगाचा होत होता. आम्ही गुलाबी आणि हिरवा घेतला. मग एका जुन्या उपाहारगृहात पियूष प्यालो. हे दोन पेले प्यायले आणि तिसऱ्याकडे बघत बसले. गल्लीच्या शेवटी समुद्राची एक चिंधी चमकत होती. मला उगाच वाटलं की सोमवार कोणीतरी रद्द केला आहे आणि आता हे असंच चालणार.

लालबागच्या कारखान्यात मखराचे खांब आणि कमानी भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि छताला विमानं टांगलेली. पंख्याच्या वाऱ्यावर ती सगळी मिळून एकाच दिशेला वळत आणि परत येत. वसंतदादांनी काठीने एक खाली घेतलं. "ह्या तुमच्यासाठी ठेवलंय," म्हणाले. हेच का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

विमान म्हणजे हलक्या लाकडाचा सांगाडा, त्यावर पतंगाचा कागद, पुढे पंखा आणि पोटात लांब रबर. रबराला पीळ भरून सोडला की पंखा फिरतो. मोटर नाही, रिमोट नाही, ड्रोन तर नाहीच नाही, त्यामुळे पोलिसांची परवानगी बिनबोभाट मिळते. पीळ संपला की विमान तरंगत खाली येतं. पण ऊन चढल्यावर जमिनीवरून गरम हवा उठते, आणि त्या हवेत सापडलेलं विमान खाली यायचं नावच घेत नाही. त्यावर वसंतदादांचा उपाय म्हणजे अगरबत्ती. शेपटी एका दोऱ्याने ताणून बांधलेली असते आणि त्या दोऱ्यात अगरबत्तीचा पेटता तुकडा खोचतात. तीन-चार मिनिटांत निखारा दोऱ्याला पोचतो, दोरा जळून तुटतो, शेपटी टुणकन वर होते आणि विमान शहाण्यासारखं खाली बसतं. यांना ही युक्ती इतकी आवडली की त्यांनी वसंतदादांना ती तीनदा सांगायला लावली.

आमच्या विमानाच्या डाव्या पंखाच्या टोकाचा कागद फाटला होता. तेवढाच काढून नवा चिकटवायचा होता. हे आणि वसंतदादा चहा सांगायला बाहेर गेले आणि मी पंखापाशी एकटी राहिले. उघड्या टोकातून आतली शेवटची फासळी दिसत होती, लाकडाची, बोटाएवढी रुंद. टेबलावर पेन्सिल होती. मी काय करते आहे हे मला पूर्ण कळत होतं. फासळीवर बारीक अक्षरात 'मधुकर' लिहिलं, वर गुलाबी कागद चिकटवला आणि कडेवरून बोट फिरवलं. चहा आला तेव्हा पेन्सिल मी जागेवर ठेवली होती.

रविवार, मैदान

त्या सकाळचं मैदान मला अजून झोपेत दिसतं. चारही बाजूंनी दोऱ्या बांधल्या होत्या आणि येणारा प्रत्येक माणूस आपली चादर दोरीवर टाकून आत येत होता. सोलापुरी, फुलांच्या, रेघांच्या, बाळाची दुपटी, एका आजीबाईंचं पांढरंशुभ्र लुगडं. मी घरी शिवलेल्या दोन गोधड्या टाकल्या. धुकं अजून विरलं नव्हतं. वारा आला की सगळ्या चादरी एकदम फुगत आणि हळूहळू खाली बसत, जणू मैदानच झोपेत श्वास घेतंय. मागे टॉवरच्या क्रेन धुक्यात अर्ध्याच दिसत होत्या. गाळ्यांत राहणारी मंडळी पुढच्या सतरंजीवर बसली होती, कोणी बीडची, कोणी बिहारची. एकजण पत्नीचं डोकं मांडीवर घेऊन तिला वर बघायला सांगत होता.

कमलताईंनी माइक घेतला. "इकडे कोणी नारळ फोडणार नाही. भाषण पण नाही. वर बघा, मान दुखली की खाली बघा."

मग विमानं उडत राहिली. एकामागून एक, आवाज म्हणाल तर फक्त सुरुवातीचा फर्र, आणि मग काहीच नाही. मोठ्या विमानांचा आवाज आधी येतो आणि आपण शोधत बसतो. ही उलटी. ती आहेत हे सावलीवरून कळायचं. गवतावरून एक गुलाबी डाग सरकत जायचा, कोणाच्या तरी मांडीवरून, चादरीवरून. गंमत झाली ती मूर्तीच्या कारखान्यातल्या मंडळींच्या विमानाची. त्यांनी आदल्या दिवशी त्याला गणपतीच्या मुकुटाचा सोनेरी रंग दोन हात दिला होता. असं देखणं विमान मी आजवर पाहिलं नाही. पण रंगाचं वजन इतकं झालं की सोडल्यावर ते उडेचना. गवतातून कोंबडीसारखं तुरुतुरु धावत गेलं आणि चहाच्या टेबलाखाली थांबलं. "गावाक पायी जातला वाटता," वसंतदादा म्हणाले. रंग देणारा गृहस्थ मात्र अजिबात खजील झाला नाही. "पण चमकलं की नाही?" असं त्याने चारचौघांना विचारून घेतलं.

आमची पाळी आली तेव्हा धुकं गेलं होतं आणि ऊन पाठीला लागत होतं. यांनी विमानाचं पोट धरलं. वसंतदादा पुढे बसून हातड्रिलने रबराला पीळ भरू लागले. माझ्याकडे अगरबत्तीचं काम होतं. काडी ओढली, तुकडा पेटवला, फुंकर न मारता हात हलवून ज्योत विझवली, आपल्याकडे तशीच रीत आहे. निखारा छान लाल झाला. तो तसाच दोऱ्यात खोचायचा होता.

दोघांचं लक्ष पिळाकडे आहे असं बघून मी तो तुकडा विमानाभोवती ओवाळला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तो शेपटीच्या कडेला लागला आणि निखारा गवतात पडला. मी तुकडा दोऱ्यात खोचला तेव्हा त्यातून धूर येत नव्हता.

"वहिनी, झाला?" वसंतदादांनी विचारलं.

पुन्हा काडी ओढायला दहा सेकंद लागली असती. पण मग निखारा कशाने पडला ते सांगावं लागलं असतं, आणि माइक घेतलेल्या कमलताई चार पावलांवर उभ्या होत्या. "झालं," मी म्हटलं.

विमान यांच्या हातातून सुटलं आणि गोल गोल चढत गेलं. पीळ संपला, पंखा थांबला, आणि आता उतरेल म्हणून सगळ्यांनी माना खाली घ्यायला सुरुवात केली. ते उतरलं नाही. तापलेल्या मैदानाने त्याला खालून तळहातावर घेतलं होतं. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीपेक्षा थोडी वर. उन्हामुळे गुलाबी कागद आरपार दिसू लागला आणि आतल्या फासळ्या पानाच्या शिरांसारख्या उमटल्या. कुठली फासळी शेवटची ते मला ठाऊक होतं. एक घार आली आणि त्याच्याच बरोबर गोल फिरू लागली. कमलताई माइकवर काही बोलत होत्या, त्या मधेच गप्प झाल्या. कितीतरी वेळ ते दोघं तसेच फिरत राहिले, आणि इतकं सुंदर काही मी माझ्या आयुष्यात पाहिलेलं नाही, हेही लिहायला हवं.

"अगरबत्ती?" वसंतदादा हलक्या आवाजात म्हणाले. मी वर बघत राहिले. "गेला ता आता. घारीची वाट धरल्यान."

विमान क्रेनच्या वर गेलं, भोईवाड्याच्या दिशेला सरकलं, ठिपका झालं, आणि मग ते दिसतंय की नुसतं वाटतंय हे कळेनासं झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इतका वेळ कुठलंच विमान आजवर उडालं नव्हतं म्हणे. मी गवतात बसले आणि रडायला लागले. पडलं असतं तर रडायची तयारी होती. हे असं वर वर जाऊन दिसेनासं होण्याची नव्हती. उद्या रिपोर्ट, आणि आज माझ्या हाताने मी यांचं नाव कुठे पाठवून दिलं, एवढंच मनात येत होतं.

कमलताई जवळ आल्या. "ऊन लागलं असेल तिला," त्या यांना म्हणाल्या आणि माझ्या डोक्यावर दोरीवरची एक चादर टाकून गेल्या.

दुपारी आम्ही दोघं विमान शोधायला भोईवाड्यात गेलो. रविवार असल्याने कोर्टाच्या बाजूला सामसूम होती. देवळापाशी दोन म्हातारे कॅरमवर पावडर टाकत होते. हे प्रत्येक गल्लीत शिरून वर बघत, कौलांवर, छज्जांवर, झाडांत. गेली पाच वर्षं हे रस्त्याने चालताना खाली बघून चालायचे. मी मागून चालले होते.

"मी काय केलं ते ऐका," मी शेवटी म्हटलं, आणि फासळीवरच्या नावापासून विझलेल्या अगरबत्तीपर्यंत सगळं सांगितलं.

उपचारांपासून यांचा आवाज चिरका झाला आहे. हसले की भांडं घासल्यासारखा येतो. "ओवाळताना पाहिलं मी तुला. म्हटलं, गणिताच्या बाईंचं चाललंय काय."

"मग बोलला का नाहीत?"

"इतक्या वर्षांत कधी ओवाळलं नाहीस. मधे कशाला बोलू?" थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "पडलं तरी तू रडणार, उडालं तरी रडणार. त्या बिचाऱ्याने करायचं तरी काय?"

एका गाडीवर थांबून यांनी बर्फाचा गोळा घेतला, काळा. घशाला गार चालत नाही हे मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. यांची जीभ जांभळी झाली. "मला भीती वाटते, सुमन," हे म्हणाले. "पण ते वर फिरत होतं ना, तेवढा वेळ नव्हती वाटत." संध्याकाळपर्यंत फिरलो, विमान काही सापडलं नाही.

सोमवार, परळ

सकाळी सातला फोन आला. विमानाच्या पोटावर कमलताईंचा नंबर असतो. भोईवाड्यातल्या चौथ्या मजल्यावरच्या एका नर्सबाईंचा फोन होता. ड्यूटीवरून घरी येऊन बघतात तर खिडकीतल्या पुदिन्याच्या कुंडीत विमान बसलेलं. आम्ही हॉस्पिटलला जाताना ते घेतलं. कावळ्यांनी कागद ओरबाडला होता, सांगाडा मात्र शाबूत होता. "पुदिना मोडला थोडा," त्या म्हणाल्या, "पण राहू दे, परत येतो तो."

तर अशा रीतीने आम्ही विमान घेऊन हॉस्पिटलात शिरलो. फाटकावरच्या माणसाने पिशवी तपासली, विमानाकडे बघितलं आणि आत सोडलं. हॉलमध्ये नंबर यायला दोन तास होते. हे बाकावर बसले आणि विमान मांडीवर ठेवलं. समोरच्या रांगेतली माणसं रिपोर्टांच्या पाकिटांवरून नजर काढून त्याच्याकडे बघत होती.

डाव्या पंखाचा कागद लोंबत होता. मी तो बाजूला केला. शेवटच्या फासळीवर माझं बारीक 'मधुकर' होतं. त्याच्या अलीकडच्या फासळीवरही 'मधुकर' होतं. तिच्या अलीकडच्या फासळीवर पुन्हा, आणि पुढच्या दोन्हींवरही. पाच फासळ्या, पाच वेळा तेच नाव, आणि त्यातलं माझं एकच.

बाकीच्या चार नावांचं अक्षर मी ओळखलं. आमच्या घरी लोखंडी कपाटाच्या दाराला आतून एक कॅलेंडरचा कागद चिकटवलेला आहे, औषधांच्या वेळांचा, पाच वर्षांपूर्वी नायगावहून निघताना मिळालेला. तो लिहिणारी बाई आधी लांबलचक रेघ मारते आणि मग तिला अक्षरं टांगते, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. रेघ नेहमी शब्दापेक्षा लांब राहते. चारही फासळ्यांवर रेघ लाकडाच्या कडेपर्यंत गेली होती. पहिल्या वर्षानंतर नियम झाला, आणि त्यानंतर आमच्या गैरहजेरीत चार खेळ झाले होते.

मी यांना दाखवलं. यांनी चष्मा चढवला आणि चारही नावांवरून बोट फिरवलं. मग आमचा नंबर आला.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी कागद उलटेपालटे केले, यांचा गळा चाचपला, जांभळ्या जिभेबद्दल विचारलं, आणि म्हणाल्या, "सगळं स्वच्छ आहे. आता एकदम वर्षाने या." हे "बरं" म्हणाले. मी आभार मानायचे विसरले. बाहेर येऊन जिन्यावर बसलो तेव्हा मी यांचा हात धरला होता, चारचौघांत, तोही परळच्या जिन्यावर. मेहकरला कोणाला हे खरं वाटणार नाही.

गाडी रात्रीची होती. दुपारी विमान परत करायला लालबागला गेलो. वसंतदादांना आधी रिपोर्ट सांगितला. त्यांनी डोळे पुसले आणि लगेच फाटका कागद काढायला घेतला. फासळ्या उघड्या पडल्या तरी त्यांचा हात थांबला नाही.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

"वहिनी, दरवर्षी कागद मीच बदलतंय," ते म्हणाले. "ह्या एकच नाय. वर टांगलेली सगळी उघडून बघा. एकपण रिकामा नाय." मी छताकडे बघितलं. विमानं पंख्याच्या वाऱ्यावर वळली आणि परत आली.

त्यांनी हिरवा कागद कापला, कडेला खळ लावली आणि चिकटवायच्या आधी पेन्सिल माझ्यासमोर ठेवून हात धुवायला गेले. मला कालची सतरंजीवरची बाई आठवली, नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवून वर बघणारी. तिचं नाव मी सकाळी कमलताईंना विचारून घेतलं होतं. सहाव्या फासळीवर ते लिहिलं. लिहून होतंय तोच दारात कमलताई उभ्या, आमच्यासाठी डबा घेऊन.

पेन्सिल माझ्या हातात होती. पंख उघडा होता. सहाही फासळ्या त्यांना दारातूनसुद्धा दिसत असणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पंखाकडे पाहिलं, आणि डबा टेबलावर ठेवला.

"नीट चिकटव," त्या म्हणाल्या. "मागच्या वर्षी कड सुटली होती."